न वाहिलेली फुले

आमच्या घराण्यात आजवर कोणी फुले विकली नव्हती. तीन पिढ्या मास्तरकीत गेल्या. चौथीत दोघे बँकेत शिरले आणि एक पाटबंधारे खात्यात, एवढाच काय तो क्रांतिकारक बदल. त्यामुळे माझी थोरली बहीण अमेरिकेत एका वाणसामानाच्या दुकानात, फुलांच्या विभागात नोकरीला लागली ही बातमी सांगलीला पोचली, तेव्हा आमच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "म्हणजे? दारात बसून?"

काकूंचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. तिकडच्या त्या अवाढव्य दुकानांत फुलांचा विभाग बहुधा दाराशीच असतो. आत पाऊल टाकले की पहिल्यांदा फुले, मग फळे, मग भाजी, आणि डाळ-तांदूळ, साबण, मांजराचे खाणे हा सगळा रूक्ष संसार त्याच्या पलीकडे. यात रसिकतेपेक्षा व्यापार अधिक आहे. दारातच टवटवीत फुले दिसली की आतले सारेच ताजे असणार, अशी गिऱ्हाइकाच्या मनाची समजूत होते. शिवाय फुले यादीत लिहून आणणारा मनुष्य विरळा. ती दिसली तरच घेतली जातात. दुधासाठी मनुष्य दुकानाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत चालत जातो. फुलांसाठी दहा पावले वाकडी करत नाही.

ताईच्या हुद्द्याचे नाव 'फ्लोरल मर्चंडायझर'. मराठीचा अध्यापक या नात्याने मी त्याला प्रतिशब्द शोधू लागलो. 'पुष्पविक्रयसंयोजिका' हा माझा पहिला प्रयत्न ऐकून ताई म्हणाली, "एवढे नाव बिल्ल्यावर मावायचे नाही." 'फुलारी' हा आपला जुना, सुटसुटीत शब्द आहे, पण तो घरात उच्चारायची सोय नव्हती. भाच्याच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीकडच्यांनी "विहीणबाई काय करतात?" म्हणून विचारले, तेव्हा भावोजी घसा खाकरून म्हणाले, "ती फ्लोरल डिझाइनमध्ये आहे." ताई शेजारीच बसली होती. "बादल्या धुते," ती म्हणाली. लग्न ठरले, हेही सांगायला हवे.

सतरा वर्षे ताईने सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवले. २०१४ साली भावोजींच्या नोकरीपायी न्यू जर्सीला जावे लागले. तिथे शाळेत शिकवायचे तर पुन्हा परीक्षा, पुन्हा परवाने. आणि वय पन्नाशीला टेकलेले. नातेवाइकांपैकी कोणी म्हणे शिकवण्या कर, कोणी म्हणे डबे दे. म्हणजे घरात बसून चार पैसे मिळवायला कोणाची ना नव्हती. एप्रन बांधून परक्यांसमोर उभे राहायला होती. आपल्याकडे श्रमप्रतिष्ठा हा निबंधाचा विषय आहे, आणि त्यात मी दर वर्षी पंचवीस-तीस मुलांना चांगले गुण देतो. त्या निबंधांत सावता महाराज हटकून असतात. अरणच्या या माळ्याने मळा सोडून पंढरी गाठली नाही, देवालाच त्याच्याकडे यावे लागले, ही कथा आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ. पण संतांनी मळ्यात राबावे आणि आपण त्यांचे अभंग म्हणावेत, अशी कामाची वाटणी आम्ही केव्हाच करून टाकलेली आहे.

२०२३ च्या उन्हाळी सुटीत मी सहा आठवडे ताईकडे राहिलो. पहाटे साडेपाचला ती निघे. झोप येत नसे म्हणून पुष्कळदा मीही बरोबर जाई आणि दुकानातल्या कॉफीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसे. तिथून तिचा विभाग समोर दिसे. काकूंना वाटले होते तसे ते बसायचे काम नव्हते, आणि भावोजींनी सांगितले होते तसे नाजूक कलाकुसरीचेही फारसे नव्हते.

पहिले काम निवडण्याचे. आपल्याकडे मेथी निवडतात तसे. बादलीतली प्रत्येक जुडी उचलून बघायची. मान टाकलेला गुलाब, कडेने तपकिरी झालेली पाकळी, पिवळे पान काढून टाकायचे. एक कुजके पान बादलीभर पाणी नासवते. मग बादल्या. फुलाचा शत्रू ऊन, असे आपण धरून चालतो. ताईच्या मते खरा शत्रू घाण पाणी. पाण्यात जंतू वाढले की ते देठाच्या नळ्यांत जाऊन बसतात, नळ्या तुंबतात, आणि भरल्या बादलीत उभे असलेले फूल तहानेने मरते. म्हणून बादली घासायची ती अशी, की तिच्यातले पाणी आपण स्वतः प्यायला कचरू नये. देठाचे टोक धारदार सुरीने इंचभर तिरके कापायचे. पाण्यात एक पूड घालायची. तिच्यात थोडी साखर असते ती फुलाच्या पोटासाठी, थोडे आम्ल असते ते पाणी देठातून नीट वर चढावे म्हणून, आणि थोडे जंतुनाशक. मग काही तास ती फुले दोन-तीन अंशांच्या थंड खोलीत उभी ठेवायची. जुना माल पुढे, नवा मागे. लिली उमलू लागली की तिचे परागकोश चिमटीने खुडायचे. नाहीतर त्यांचा तांबूस डाग गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर पडतो आणि पाणी लावावे तसा पसरतो. गुलाबाच्या अगदी बाहेरच्या, चुरगळलेल्या पाकळ्या काढायच्या. त्या बिचाऱ्या आतल्यांना जपण्यासाठीच असतात, पण गिऱ्हाइकाला ती शिळेपणाची खूण वाटते. मधूनच कोणी वाढदिवसाचे फुगे मागायला येई, कारण हेलियमचे फुगे भरून देणे हेही फुलांच्या विभागाकडेच असते. चार दिवसांत मावळणारा सगळा माल एका हाताखाली असावा, असा त्यात काही विचार असावा.

ताईचे हात मी पहिल्या दिवशी पाहिले तेव्हा काही बोललो नाही. बोटांना चिरा, मनगटापर्यंत काट्यांचे ओरखडे, नखांच्या कडांना न निघणारा हिरवा रंग. शाळेत होती तेव्हा खडूने हात कोरडे पडत, आता पाण्याने.

फुले येतात ती पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यांत, आडवी निजलेली, पाण्यावाचून. खोक्यांवर कोलंबिया आणि इक्वेडोर ही नावे. अमेरिकेत बाहेरून येणारी बहुतेक कापलेली फुले याच दोन देशांची, आणि ती बहुतेक सारी मायामीच्या विमानतळावर उतरतात. तिथे कीड आहे का ते तपासतात, आणि मग थंड मालमोटारींतून ती देशभर जातात. कोलंबियातले बोगोटाचे पठार सुमारे २,६०० मीटर उंचीवर आणि विषुववृत्ताजवळ. बारा महिने दिवस बारा तासांचा, कडाक्याचा उन्हाळा नाही की बर्फ नाही. १९९१ साली अमेरिकेने अँडीज पर्वतातल्या काही देशांच्या मालावरची जकात कायद्याने उठवली. शेतकऱ्याने कोका सोडून दुसरे काही पिकवावे, हा त्यामागचा हेतू. कोकाचे पुढे काय झाले तो निराळा विषय. फुलांचा धंदा मात्र त्या सवलतीवर फोफावला आणि अमेरिकेतले गुलाब-कार्नेशनचे मळे एकामागून एक मोडले. तिकडच्या मळ्यांत राबणाऱ्यांत बायकाच अधिक. खोके उघडताना ताई मला म्हणाली, "माझ्याआधी हे कोणा बाईच्याच हातात होते. तिचे हातही असेच असणार."

सांगायची गोष्ट अशी की आपल्याकडे फुलाला देठच नसतो. म्हणजे झाडावर असतो, बाजारात नसतो. मोगरा, जास्वंद, झेंडू, शेवंती ही खुडलेली मुंडकी आपण पाव किलो, अर्धा किलो तोलून घेतो, नाहीतर पुण्यात दाराच्या कडीला अडकवलेल्या पुडीतून. ते फूल संध्याकाळपर्यंत टिकले तरी मिळवली. त्याला जायचे कुठे ते ठरलेले असते : देवाच्या पायाशी, बाईच्या अंबाड्यात, नवरदेवाच्या गळ्यात, नाहीतर तिरडीवर. तिकडे निम्मी किंमत देठाची. देठ जितका लांब तितका गुलाब महाग. आपले गिऱ्हाईक विचारते, "ताजी आहेत ना?" तिकडचे विचारते, "टिकतील ना?" आणि विचारण्याआधी फुलात नाक खुपसते. पहिले काही महिने ताईच्या अंगावर काटा येई, कारण हुंगलेले फूल देवाला चालत नाही, हे आईने मनावर कोरून ठेवलेले. पुढे तिच्या लक्षात आले की ते बिचारे हुंगतात खरे, पण हाती काही लागत नाही. दूरचा प्रवास सोसावा म्हणून जोपासलेल्या त्या गुलाबांना बहुधा वासच उरलेला नसतो.

शास्त्राच्या बाईंची सतरा वर्षे फुकट गेली नाहीत, याचा एक मासला देतो. नव्या मॅनेजरने एकदा जागेची अडचण म्हणून केळ्यांचे मांडण फुलांना खेटून लावले. ताईने सांगितले, हलवा. त्याने विचारले, का? आता आपल्याकडे आंब्याची अढी घालणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की एक पिकला आंबा शेजारच्या दहा कैऱ्यांना पिकवतो. पिकत्या फळातून एथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याची ही करामत. केळी आणि सफरचंदे या बाबतीत फार उदार. फळाला जे पिकवते तेच फुलाला म्हातारे करते. कार्नेशन तर या वायूने पाकळ्या आत मिटून झोपल्यासारखे होते. मॅनेजरला अढी माहीत नव्हती. ताईने वाद घातला नाही. कार्नेशनची एक बादली केळ्यांजवळ ठेवली, एक थंड खोलीशेजारी, आणि दोन्हींवर तारीख लिहिली. चौथ्या दिवशी केळी हलली.

मे महिन्यातला दुसरा रविवार हा तिकडचा मातृदिन. २०२३ साली तो १४ तारखेला आला. फेब्रुवारीतला प्रेमिकांचा दिवस आणि हा मातृदिन, हे फुलांच्या धंद्यातले दोन पोळे. त्या आठवड्यात ताई जेवायला घरी आल्याचे मला आठवत नाही. या दिवसाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. ॲना जार्व्हिस नावाच्या बाईने आपल्या आईच्या स्मरणार्थ १९०८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिला मातृदिन घडवून आणला आणि आईच्या आवडीची पांढरी कार्नेशन तिथे पाठवून दिली. १९१४ साली अध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस देशाचा करून टाकला. पुढे आई हयात असेल तर रंगीत फूल आणि नसेल तर पांढरे, अशी छातीवर फूल लावायची चाल पडली. फुलांचे भाव चढले, बाजार भरला, आणि याच ॲना जार्व्हिसबाई त्या बाजाराविरुद्ध उभ्या ठाकल्या. उरलेले आयुष्य त्यांनी आपणच सुरू केलेल्या सणाशी भांडण्यात घालवले. १९४८ साली एका शुश्रूषागृहात त्या वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते.

ही हकीकत ताईने मला सांगितली ती एका म्हाताऱ्यामुळे. दर वर्षी मातृदिनाच्या आदल्या दिवशी तो येतो आणि एक पांढरे कार्नेशन मागतो. एक. दुकानात जुडीच मिळते. एका फुलाची किंमत यंत्राला माहीत नसते. पहिल्या वर्षी ताईने सुचवले, "जुडी घ्या. एक कोटाला लावा, बाकीची घरात ठेवा." तो म्हणाला, "घरात कोण आहे?" आणि त्याने जुडीचे पैसे दिले, एक फूल काढून घेतले, बाकीची तिथेच ठेवून तो गेला. विकलेला माल पुन्हा बादलीत जात नाही, आणि फेकायचा म्हणून त्याची नोंदही होत नाही. ती उरलेली फुले ताई घरी घेऊन आली. मी होतो त्या वर्षीही आणली. आमच्या आजीचा बाळकृष्ण त्या रविवारी पांढऱ्या कार्नेशनांत बुडाला होता. मेलेल्या आईसाठी घेतलेली फुले देवाला चालतात का, हा प्रश्न भावोजींनी काढला. ताईने उत्तर दिले नाही.

एरवी मात्र उरलेले घरी येत नाही. या नोकरीतली खरी अवघड गोष्ट ती आहे. रोज रात्री विभाग बंद करण्यापूर्वी ज्या जुड्यांची मुदत संपली त्या बाजूला काढायच्या, प्रत्येकीवरच्या रेघा हातातल्या यंत्राला दाखवायच्या, आणि जुडी काळ्या पिशवीत. हिशेबात याला 'श्रिंक' म्हणतात, म्हणजे आकसणे. फेकायचा माल नोकरांनी घरी न्यायला मनाई. न्यायला दिला तर फेकण्याजोगा मालच वाढेल अशी धास्ती, आणि ती खोटी आहे असे म्हणवत नाही. यातली पुष्कळ फुले अजून दोन-तीन दिवस चांगली राहतील अशी असतात. "पहिल्या रात्री माझा हात पुढे होईना," ताई म्हणाली. "निर्माल्य असते तर झाडाच्या मुळाशी घातले असते. पण हे निर्माल्यही नव्हे. कोणाला वाहिलेच नाही."

हा माझ्या प्रांतातला प्रश्न होता. देवाला वाहून उतरवलेले ते निर्माल्य. शिळ्या फुलाला पोथीत 'पर्युषित' म्हणतात. तुळस आणि बेल सोडून बाकी शिळे देवाला वर्ज्य. पण जे आयुष्यभर ताजे होते, वाहायच्या लायकीचे होते, आणि तरी कोणाच्याच वाट्याला गेले नाही, त्याला काय म्हणावे? आपल्याकडे तशी वेळच येत नाही, असे अभिमानाने म्हणावे, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या कोणत्याही फूलबाजाराबाहेर जाऊन पाहावे. भाव कोसळलेल्या वर्षी झेंडूचे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला टाकून शेतकरी रिकामी गाडी घेऊन गावाकडे वळतो. त्या ढिगालाही आपण निर्माल्य म्हणत नाही. कचरा म्हणतो. न्यू जर्सीतल्या काळ्या पिशवीत आणि त्या ढिगात मला फरक सापडला नाही. इथे नुकसान शेतकऱ्याचे आणि तिथे दुकानाचे, एवढा एक सोडून. तो लहान नाही.

ताईने मॅनेजरच्या मागे लकडा लावला की उतरती फुले जवळच्या वृद्धाश्रमाला देऊ द्या. उत्तर आले, वरच्या कचेरीला विचारावे लागेल. वरच्या कचेरीने विचारले, एखाद्या म्हातारीला त्या फुलांचा त्रास झाला तर जबाबदार कोण? असे तीन वर्षे चालले. मधल्या काळात ताईने दुसरे एक काम केले. शाळेत हजेरी ठेवायची त्या शिस्तीने तिने एका वहीत रोज लिहायला सुरुवात केली : कोणत्या वारी कोणते फूल किती गेले, पाऊस होता का, पगाराचा आठवडा होता का. त्यावरून ती मागणी नोंदवू लागली. फेकायचा माल महिन्यामहिन्याने उतरत गेला. वरच्या कचेरीतून शाबासकीचे पत्र आले. २०२४ साली वृद्धाश्रमाची परवानगीही आली. आणि तोवर द्यायला फारसे काही उरतच नव्हते. मंगळवारी पाच-सहा जुड्या निघतात, त्या ती स्वतः नेऊन देते. तिथल्या बायका विचारतात, "एवढीच?" वही जरा ढिली ठेवावी की काय, असे आपल्या मनात येऊन जाते, हे ताईने मला फोनवर सांगितले. ठेवणार नाही, हे मला माहीत आहे.

सप्टेंबर लागला की त्या दुकानाच्या दाराबाहेर लाल भोपळे आणि शेवंतीच्या कुंड्या यांची रास लागते. ऐन नवरात्रात शेवंतीचा असा पूर, आणि तिकडच्या लोकांच्या ध्यानीमनी देवी नाही. शेवंतीला ते लाडाने 'मम' म्हणतात. संस्कृत शिकलेल्याला मौज वाटावी असे नाव. ताई एक कुंडी घेते आणि नऊ दिवस तिचीच फुले खुडून वाहते. झेंडूची मात्र तिला रुखरुख होती. तो तिकडे रोपांच्या रूपाने वसंतात येतो आणि दसऱ्याला बेपत्ता.

तिच्याबरोबर काम करणारी एक मेक्सिकन बाई आहे. एका ऑक्टोबरच्या शेवटी तिने कुठून तरी झेंडूची भली मोठी जुडी आणून थंड खोलीत ठेवली. ताई हरखली आणि हे आमचे फूल म्हणून तिला समजावू लागली. ती बाई हसली. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. ज्ञानेश्वरांच्या काळी आळंदीत झेंडू नव्हता. आपल्या दसऱ्याचे तोरण समुद्र ओलांडून आलेले आहे. त्या बाईच्या गावी त्याला सेम्पासुचिल म्हणतात, वीस पाकळ्यांचे फूल अशा अर्थाचे जुने नाव. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला तिकडे गेलेल्या माणसांचा सण असतो. त्यांचे फोटो मांडून झेंडूने सजवतात, आणि त्यांना घराची वाट सापडावी म्हणून पाकळ्यांची पायवाट घालतात.

२०२४ साली लक्ष्मीपूजन नेमके १ नोव्हेंबरला आले. दोघींनी मिळून मॅनेजरला गाठले आणि झेंडूच्या साठ जुड्या मागवल्या. हा माल अंगावर पडणार, असे तो दोनदा म्हणाला. एकीने आपल्या चर्चमध्ये निरोप दिला, दुसरीने मराठी मंडळाच्या बायकांना. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता बादलीत फक्त पाणी होते. ताईने स्वतःसाठी एक जुडी बाजूला काढून ठेवली होती, ती शेवटच्या घटकेला आलेल्या एका तेलुगू मुलीने नेली. तिची अमेरिकेतली पहिलीच दिवाळी होती. आमच्या बाळकृष्णाला आणि लक्ष्मीला त्या वर्षीही शेवंतीच मिळाली.